बिनचूक किलोमीटर

"मालगाडी घसरली, दोघं जखमी. फोन लागला. जागा सांगा, दहा सेकंदांत!" सौदामिनी मॅडमनी बोट नेमकं दयानंदकडं केलं.

दयानंद इस्लापूरचा गँगमन, बावीस वर्षं रुळांवर राबलेला. साहेबलोकांपुढं तोंड उघडलं की नसतं लचांड मागं लागतं, हे ठाऊक असल्यानं नांदेडच्या त्या हॉलमध्ये तो मुद्दाम शेवटच्या बाकावर बसला होता. पण शेवटच्या बाकावरच्याला पहिलं उठवायचं, ही मास्तरकीची जुनी खोड.

तो उठला. "इस्लापूर, मॅडम. दानम्माच्या मळ्याच्या खालतं, बोरीपाशी."

हॉलमध्ये हशा पिकला.

"काका, अशानंच उशीर होतो," मॅडमही हसल्या. "खांबावरचा किलोमीटर सांगायचा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हणून तर हे ट्रेनिंग."

"ठावं हाय. मागल्या साली बी हेच शिकवलं व्हतं."

"मग?"

गुमान खाली बसावं असं दयानंदला फार वाटलं. पण वर्षभर हे बोलणं त्याच्या घशात अडकलं होतं.

"मग आमच्या शेषेरावच्या पायावर रूळ पडला. रगत थांबंना. शिकवलं तसा रुमाल आवळून बांधला. फोन लावला, खांब पाहून किलोमीटर सांगितला. एक आकडा चुकला न्हाई."

"बरोबरच केलंत तुम्ही."

"अॅम्ब्युलन्सवर हरिओम व्हता, आमच्याच गावचा. शिवारातला बांध न् बांध वळखतो. पण त्याला रेल्वेचा किलोमीटर काय कळणार? स्टेशनावर इचारत बसला, मग चुकून नाल्याच्या पल्याड गेला. सायरन आम्हाला ऐकू येऊन राहिला व्हता. मी पळत जाऊन त्याला आणला, तवर पाऊण तास झाला. शेषेराव गेला व्हता. हरिओम कपाळाला हात मारून म्हनला, 'आरं दया, शेताचं नाव सांगायचं नं! दहा मिनटांत आलो असतो.' मला ठावं व्हतं, मॅडम. ठावं असून मी किलोमीटर सांगितला."

आता कोणी हसत नव्हतं. मॅडम बाकांमधून त्याच्यापर्यंत चालत आल्या.

"शेषेराव पडला ते शेत कुणाचं होतं?"

"हरिओमचंच," दयानंद म्हणाला आणि खाली बसला.