बिब्बा ओला हाय

केनवडात जगदेव वांगी पिकवत होता तोवर त्याच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मेथी-कोथिंबीर लावली तेव्हाही गाव गप्पच होतं. मग मळा पोराच्या, राजूच्या हाती देऊन त्याने रायफल करायला घेतली, आणि साऱ्या गावाला एकदम त्याच्या म्हातारपणाची काळजी लागली.

रायफल शिकारीची. जुन्या घाटाची, लांब नळीची, दस्त्यावर गाल टेकायला उंचवटा ठेवलेली, आणि डोक्यापासून पायापर्यंत लाकडाची. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं शिसम वादळात आडवं झालं होतं. राजू म्हणाला, याचा दिवाण करू. जगदेव म्हणाला, "दिवाण लय हायेत जगात. लोकं झोपूनच तं हायेत." आणि पटाशीला धार लावायला बसला.

याचं मूळ जुनं होतं. जगदेव लहान असताना त्यांच्या आमराईत कुठल्याशा शिकारी साहेबाचा तंबू पडला होता. साहेबाने रायफल आंब्याला टेकवून ठेवलेली. जगदेव जवळ जाऊन नुसता तिच्या तेलाचा वास घेत होता, तर खानसामा खेकसला, "ए, हात लावायचा नाही!" पुढे हे वाक्य त्याने दवाखान्यात ऐकलं, तहसिलीत ऐकलं, घरात राजूच्या मोबाइलपाशीही ऐकलं. त्यातल्या कशाला हात लावायची त्याला फारशी हौस नव्हती. रायफल मात्र डोक्यातून गेली नाही. आता शिकारीही गेल्या, साहेबही गेले. रायफल आपल्यालाच करावी लागणार, हे त्याने ओळखलं.

"काय कामाची हाय हे?" त्याच्या बायकोने, कस्तुराबाईने विचारलं.

"कायच्याच नाई."

"मंग कायले करून राह्यले? मी पोळपाट मागून मागून थकली."

"पोळपाट मालेगावात भेटते. हे भेटत नाई."

दस्त्याच्या मुठीवर बारीक चौकड्यांची जाळी कोरायची असते. हात घसरू नये म्हणून. जगदेवने कानशीने कोरली. कस्तुराबाईने पदर सावरत वाकून पाहिलं.

"यापेक्षा माहे शंकरपाळे बरे."

जगदेवला राग आला, कारण ते खरं होतं. त्याने साऱ्या चौकड्या घासून टाकल्या, घरात जाऊन मुकाट्याने तिचं शंकरपाळ्याचं चाक आणलं, आणि त्याने रेषा आखून जाळी पुन्हा कोरली. तीही मुकाट्याने बघून गेली. चाक तिने परत मागितलं नाही, एवढी शाबासकी पुष्कळ झाली.

नळी भरीव होती. तोंडाशी नखभर खळगा तेवढा कोरलेला, आणि मागे ओढून पुढे सारायचा लाकडी खटका. अडचण रंगाची होती. काजळ लावलं तर नळी तव्यासारखी दिसे, बुटाचं पॉलिश लावलं तर बुटासारखी. शेवटी त्याने बिब्बे फोडले. बिब्ब्याचं तेल कपड्यावर पडलं तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. तसंच ते अंगाला लागलं तर अंग उतून येतं, फोड धरतं. म्हणून जगदेवने हातांना खोबरेल चोपडलं, वरून प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि नळीला हात दिला. काय काळी आली! त्याने रायफल गोठ्याच्या आढ्याला सुतळीने टांगली आणि दारावर खडूने लिहिलं, "हात लावायचा नाही." हे एकदा आपणही लिहावं, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी गावचा पोलीस पाटील शालिकराम आला. दोघे एकाच शाळेत एकाच दिवशी मार खाल्लेले.

"जगदेव, गावात बोंब हाय का तू बंदूक बनवली."

"बनवली."

"अबे, असं 'बनवली' नसते म्हनाचं! ठाण्यातून जमादार येऊन राह्यले उद्या. खेळनं बनवलं म्हन. नाईतं डुकरं भेवाले बुजगावनं म्हन. शाळेच्या नाटकाले दिली म्हन. काई बी म्हन."

"रायफल हाय ते. शिकारीची. गोळी सुटत नाई, एवढंच."

"गोळी सुटत नाई तं रायफल कशाची?"

"गावातल्या नळाले पानी येते काय?"

"नाई."

"मंग त्याले नळच म्हनते ना आपन?"

शालिकरामने तंबाखू मळली. नळाच्या विषयावर सरकारी माणसाने बोलू नये, हे त्याला कळत होतं.

जमादार आले ते मिशीपासून बुटापर्यंत तयारीने. आढ्याची रायफल पाहून ते क्षणभर थबकले. मग नळीच्या तोंडाशी वाकले, खळग्यात लाकूड दिसलं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हे काय आहे?"

"खेळनं, साहेब," शालिकराम म्हणाला.

"रायफल," जगदेव म्हणाला.

"म्हातारबा," जमादार हसले, "खेळणं म्हणा. मी चहा घेतो आणि जातो. विषय संपला."

एक शब्द होता. बोलायला जड नव्हता. पण जगदेवने रायफलकडे पाहिलं. दस्त्याचा उंचवटा त्याच्या गालाच्या मापाचा होता. आपण खेळणं म्हटलं की हे त्याच घडीला खेळणं होणार, आणि मग आपणही एक खेळत बसलेलं म्हातारं होणार, हे त्याला लख्ख दिसलं.

"रायफल हाय," तो म्हणाला. "जे हाय ते हाय."

जमादारांची मिशी ताठ झाली. "मग मी जप्त करतो."

"करा. पन हात नका लावू. बिब्बा ओला हाय."

"मला सांगतो, हात नका लावू?"

जमादारांनी सुतळी तोडली. रायफल हातात येताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खटका मागे ओढला, पुढे सारला; असा खट्‌कन बसला की त्यांनी पुन्हा ओढला. दस्ता खांद्याला लावला, नळीला हाताचा आधार दिला, लिंबावरच्या कावळ्यावर नेम धरला. कावळा बसून राहिला. त्याला कायदा ठाऊक असावा. मग जमादारांनी कपाळाचा घाम पुसला, त्याच हाताने मिशीला पीळ दिला आणि रायफल खांद्यावर टाकून फटफटीवर बसले.

"साहेब, खोबरं चोळा हाताले!" कस्तुराबाई मागून ओरडली. पण वर्दीला पाठीमागून ऐकू येत नाही.

जगदेव रिकाम्या सुतळीखाली बसून राहिला. दुपारी जेवला नाही. कस्तुराबाईने भाकर झाकून ठेवली.

"खेळनं म्हनाले जीभ झिजत होती काय तुमची?"

ती भांडी घासायला गेली आणि थोड्या वेळाने राखेच्या हातानेच परत आली.

"बरं केलं, नाई म्हनले ते," ती म्हणाली. "आता जेवा."

पुढे दोन दिवसांनी शालिकराम पोट धरून आला. हसू आवरेना म्हणून तो आधी ओट्यावर बसला.

"जमादार उतले, गड्या! हात उतले, कपाळ उतलं, व्हट तं असा झाला! अन् ठाण्यात गेल्यावर साऱ्यायनं नेम धरून पाह्यला. सारं ठाणं खाजवून राह्यलं! आता तिले कोनी हात लावत नाई. चाल, घेऊन जा म्हनते."

"ज्यानं नेली त्यानं आनावं," जगदेव म्हणाला.

"अबे, पोलीस हाय तो!"

"मी सांगतलं होतं, हात नका लावू. पोलिसाले वेगळं सांगावं लागते काय?"

रायफल आली. पोत्यात गुंडाळलेली, पोतं दोरीने बांधलेलं, आणि दोरी जमादारांनी अंगापासून लांब धरलेली. मिशी होती, पण सुजलेल्या ओठावर ती कोणीतरी विसरून ठेवल्यासारखी दिसत होती. कस्तुराबाईने त्यांना बसवलं, तीळ-खोबरं वाटून हातावर दिलं आणि चहा बशीत ओतून दिला. कप ओठाला लागला नसता.

चहा झाल्यावर जमादारांनी खिशातून कागद काढला. "सही करा. लाकडी खेळणं परत मिळालं."

"नाई."

"अहो, आता तरी!"

"साहेब," जगदेव शांतपणे म्हणाला, "ठाण्यावर लोक इचारतील ना, हे तोंड कशानं झालं. खेळन्यानं झालं म्हनान काय?"

जमादारांनी शालिकरामकडे पाहिलं. शालिकराम लिंबाकडे पाहत होता. जमादारांनी 'खेळणं' खोडलं आणि वर सुजल्या बोटांनी लिहिलं, "शिकारीची रायफल, लाकडी, गोळी सुटत नाही." जगदेवने ते दोनदा वाचलं. मग सही केली, पूर्ण नावाची, वळणदार.

जमादार उठले. फटफटीपाशी जाऊन घुटमळले.

"वाळल्यावर..." ते म्हणाले, "तो खटका फार झकास बसलाय हो. वाळल्यावर एकदा..."

"या ना," जगदेव म्हणाला. "वाळली का मंग कोनीबी हात लावा."

त्याने ओल्या फडक्याने दारावरचं खडूचं पुसून टाकलं. कस्तुराबाई उरलेल्या शिसमाचा ओंडका पायाने लोटून बघत होती.

"याचा पोळपाट होते," ती म्हणाली.

जगदेव खाली बसला, ओंडक्यावर वितीने माप घेतलं, मान तिरपी केली.

"दुनळी होते," तो म्हणाला.

कस्तुराबाई आत गेली आणि शंकरपाळ्याचं चाक आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"बिब्बे यावेळी मी फोडीन," ती म्हणाली. "मागच्या खेपेले तुमी पातळ लावला होता. नाईतं जमादार इतक्या लवकर उठून आले नसते."