दोन गोळ्यांचं रक्त

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत दारव्ह्याच्या बाजारात अंगारा देणाऱ्या एका महाराजांपुढे माणूस मावत नव्हता. कुंदाताईंनी नवऱ्याला, निवृत्त कारकून मधुसूदनरावांना, पुढे काढलं.

"किती गोळ्या खाता?" महाराजांनी विचारलं.

"दोन. एक बीपीची, एक कोलेस्टेरॉलची."

"संगंच? पोटात भांडून राह्यल्या ना त्या! पाहा!"

महाराजांनी त्यांच्याकडून दोन्ही गोळ्या मागून घेतल्या आणि पिवळ्याधमक बोटांत चोळून पेल्यातल्या नितळ पाण्यात टाकल्या. पाणी लालभडक झालं. "हे तुमचं रगत!" गर्दीनं हात जोडले. महाराजांनी मधुसूदनरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पंजा ठेवला. "गोळ्या बंद. अंगारा चालू."

घरी मधुसूदनराव म्हणाले, "डॉक्टरांना विचारू तरी."

"डोळ्यांनी रक्त पाहिलं ना?" कुंदाताईंनी गोळ्यांची पाकिटं फेकली. सदरा मात्र न धुता जपला. महाराजांचा हात लागला होता.

बाविसाव्या दिवशी मधुसूदनरावांच्या हातून चहाचा कप सुटला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

दवाखान्यात कपडे कमी पडले, म्हणून कुंदाताईंनी तो सदरा धुवायला काढला. साबण लावताच त्यावरचे महाराजांच्या बोटांचे पिवळे ठसे लाल झाले. हळदीचा डाग असा लाल होतो, हे त्या जन्मभर पाहत आल्या होत्या. चुन्यानंही हळद लाल होते, म्हणून त्यांनी चुन्याची निवळी, म्हणजे वरचं नितळ पाणी, पेल्यात घेऊन त्यात हळद टाकली. पेल्यात तेच रक्त. त्या मोरीतच बसून रडल्या.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांना दोन्ही गोळ्या एकत्र चालतात. काही जोड्यांत मात्रा सांभाळावी लागते, म्हणून सगळी औषधं आम्हाला दाखवायची. चक्कर आली, अंग फार दुखलं, तर सांगायचं. मनानं बंद करायची नाहीत. विचारलं का नाही, बाई?"



पुढच्या बाजारी त्यांनी महाराजांसमोरच दोन फुटाणे हळदीत घोळवून निवळीत टाकले. पाणी लाल झालं.

"सांगा, फुटाणेही भांडले का?"

"बाईवर सावट हाय!" महाराज ओरडले. कोणी हात जोडले नाहीत.

गर्दीतल्या ओळखीच्या शकुबाईनं पिशवीतून आपली दोन पाकिटं काढली. "मंग मी ह्या खाऊ ना, ताई?"

"मलाही विचारू नको. डॉक्टरला दोन्ही दाखव."

"आन् मधुसूदनभाऊ? बोलतीन का आता?"

कुंदाताई म्हणाल्या, "सांगता येत नाही म्हणतात. खरं उत्तर असंच असतं, शकू. मी खोट्या उत्तराला भुलले. बायांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका."