सुनेसाठी कुकर

गल्लीत सगळे त्यांना मावशी म्हणत. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर. एकुलता एक मुलगा उंच इमारतींच्या काचा पुसायचा. त्याच्या लग्नाची नवलाई अजून सरली नव्हती, आणि एके सकाळी त्याचा दोर तुटला. घरात उरल्या मावशी आणि सून.

लोकांना वाटलं, सून आता माहेरी जाईल. ती गेली नाही. चष्म्याच्या दुकानात कामाला जायची आणि संध्याकाळी आली की मशीनजवळ पाय पसरून बसायची, काजं-बटणं करू लागायची. दोघी फार बोलत नसत. एकीला रडू आलं की दुसरी उठून चहा टाकायची.

दुसऱ्या लग्नाचं मावशींनीच काढलं. चष्म्याच्या दुकानात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस यायचा. बायको आजारपणात गेलेली, दहाएक वर्षांची मुलगी. मुलीच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला, हे कारण सांगून तो इतक्यांदा आला की ऐकून मावशी म्हणाल्या, "स्क्रू चष्म्याचा ढिला आहे की त्याचा?" सून खळखळून हसली आणि लगेच तिचा चेहरा पडला. मावशींनी दोन्ही पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. सून ताटावरून उठून गेली. आठवडाभर अबोला धरला. पण मावशींनी पिच्छा सोडला नाही. "माझ्या मशीनला तेल घालत म्हातारी होणार आहेस का तू?" असं त्या येता-जाता म्हणायच्या. शेवटी सून हो म्हणाली, आणि त्यानंतर मावशींना भूक लागेनाशी झाली. पण हट्ट आपलाच, मग सांगायचं कुणाला?

सुनेला काहीतरी द्यायचं होतं. साडी दिली तर कपाटात पडते. मावशींनी ठरवलं, कुकर द्यायचा. ही मुलगी घरात आली तेव्हा कुकरला इतकी घाबरायची की शिट्टी व्हायच्या बेतात आली की थेट अंगणात. मावशींनीच तिला हाताला धरून शेगडीपाशी उभं केलं होतं.

भांड्यांच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन," मावशी म्हणाल्या. तीन म्हणताना त्यांना आपलंच जुनं घर दिसलं.

"मग हा तीन लिटरचा बघा."

"नको. उद्या चार होतील, पाहुणा येईल. पाचाचा दाखवा. झाकण आतून बसणारं. आत वाफ आहे तोवर ते उघडतच नाही, ते बरं."

दुकानदाराने एक चकचकीत स्टीलचा पुढे केला. मावशींनी तो उलटा करून बुडावर बोटांनी टकटक केलं. "बूड पातळ आहे हो. तळाला लागेल. जाड दाखवा." दुसऱ्याचं झाकण त्यांनी दहा वेळा लावलं, काढलं. शिट्टीच्या नळीतून उजेडाकडे पाहिलं. रबर ताणून पाहिलं, जास्तीचं एक मागून घेतलं. सून शेजारी पिशवी धरून उभी.

"लेकीला देताय वाटतं," दुकानदार खोकं बांधता बांधता म्हणाला. "दिसताच की मायलेकी. नाक अगदी तेच."

"हो, लेकीला," मावशी म्हणाल्या.

सून पटकन वळून तव्यांच्या किमती वाचत बसली.

घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "परक्या घरात पहिल्यांदा चढवायचा नाही. खोड असेल तर इथेच कळू दे." त्यांनी कुकर धुतला, तळाला पाणी घातलं, जाळी ठेवली आणि वर बटाटे. "कशानेही काठोकाठ भरायचा नाही. डाळ असेल तर निम्म्याच्या वर जायचं नाही, ती फुगते आणि नळीत अडकते. रबर रोज काढून धुवायचं."

"माहीत आहे, आई. तुम्हीच शिकवलंय."

"माहीत असू दे. ऐक."

गॅस पेटवला. थोड्या वेळाने मुठीपाशी फुसफुस करून वाफ निसटायला लागली. सुनेने गॅस बंद केला, निवू दिलं, झाकण काढून रबर खोबणीत नीट दाबून बसवलं. पुन्हा चढवल्यावर वाफ वर गेली आणि शिट्टी झाली. नवीन कुकरची ती शिट्टी फारच कर्कश. दोघी दचकल्या, मग हसल्या.

बटाटे सोलून, मीठ-मिरपूड लावून त्या ओट्यापाशी उभ्यानेच खात होत्या. सून खाता खाता थांबली.

"आई, एकदा म्हणा ना, जाऊ नकोस."

मावशी बटाटा सोलत राहिल्या.

"नुसतं म्हणा. मी जाणारच आहे. पण तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत."

"म्हटलं तर तू थांबशील," मावशी म्हणाल्या. "म्हणून म्हणत नाही."

सून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मावशींचे हात बटाट्याने चिकट झाले होते, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर मनगट ठेवलं. चहा टाकायला मात्र त्या दिवशी कुणीच उठलं नाही.

लग्न कचेरीत सही करून झालं. सून गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. फोन यायचा. "सगळं ठीक आहे, आई." कुकरचं विचारलं की म्हणायची, "छान आहे." मावशींना त्या "छान"मध्ये काहीतरी खटकायचं. महिन्याभराने त्या न सांगता निघाल्या.

दार सुनेनेच उघडलं. तिने मावशींना मिठी मारली, आणि मावशींना वाटलं, पोरगी भरली आहे जरा अंगाने. बरं वाटलं आणि काळजात कळही आली. नवरा कामावर होता. मुलगी टेबलाशी अभ्यासाला बसली होती, चष्म्यावरून पाहत. स्वयंपाकघरात शेगडीवर एक जुना कुकर होता. काळवंडलेला, मूठ तारेने बांधलेली. झाकणाच्या कडेने पाणी ओघळत होतं, शिट्टीचा पत्ता नव्हता. नवा कुकर कपाटावर, खोक्यातच. वर दोरीची घट्ट गाठ.

सून हळूच म्हणाली, "तिच्या आईचा आहे. पहिल्या दिवशी मी नवा काढला, तर पोर जेवलीच नाही. मग मी पुन्हा बांधून ठेवला. तुम्हाला कसं सांगू?"

मावशींना वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं. एवढा निवडून आणलेला, इतकं समजावून दिलेला. त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "गॅस बंद कर. ह्याचं रबर गेलंय, दगड झालाय त्याचा. असा तासभर ठेवलास तरी शिजायचं नाही."

थंड झाल्यावर त्यांनी झाकण पिशवीत घातलं आणि मुलीला विचारलं, "भांड्यांचं दुकान दाखवतेस? तुझ्या आईच्या कुकरला रबर आणू. झाकण नेलं की मापाचं मिळतं."

मुलीने वही मिटली. पिशवी तिनेच उचलली.

रस्त्यात तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी तिची आई."

"तिची आई परवा येऊन गेली. ती जाडी आहे."

मावशींना हसू फुटलं. "असतात एखादीला दोन," त्या बोलून गेल्या, आणि बोलल्या क्षणी जीभ चावली.

मुलगी चालायची थांबली. "मला एकच आहे," ती म्हणाली.

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "एकच असते. मलाही मुलगा एकच होता."

"गेला?"

"गेला."

मुलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा चालायला लागली. दुकानात रबर मिळालं, आणि तारेने बांधलेल्या मुठीला एक स्क्रूही. घरी येऊन मावशींनी मुलीच्या हातूनच ते बसवून घेतलं. कुकरने शिट्टी दिली तेव्हा मुलगी ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत होती.

निघताना सून बसथांब्यापर्यंत आली. "तो नवा तुम्ही घेऊन जा ना, आई. तुमचा जुनाच झालाय. इथे नुसता पडून राहील."

"पडू दे. तो काढायचा कधी, ते ती पोर ठरवेल. तू घाई करू नकोस. आणि मी सारखी येणार नाही. तुझं बूड टेकू दे आधी इथे."

"असं काय बोलता?"

"बस आली," मावशी म्हणाल्या. बस खरंच आली होती.

खिडकीतून त्यांनी मागे पाहिलं. सून हात हलवत होती, आणि बस वळायच्या आतच ती घराकडे चालायला लागली. भरभर. भाजी फोडणीला टाकायची असेल. पोर एकटी असेल. तसंच व्हायला हवं होतं, तसंच झालं होतं.

गल्लीत शिरताच शेजारीण म्हणाली, "कशी आहे हो सून?"

"सुखात आहे."

"चला, तुम्ही सुटलात एका काळजीतून!"

मावशी मान डोलावून घरात आल्या. मुलगा गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कुणी डबा आणला, कुणी नुसतं हात धरून बसलं. सून सुखाने गेली होती. सुखाने गेलेल्या माणसासाठी कुणी भेटायला येत नाही.

त्या मशीनवर बसल्या. समोरच्या शिक्षिकाबाईंचा ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. बाही जोडली आणि पाहिलं तर उलटी. उसवायला घेतली. दोन-तीन टाके निघाले आणि पुढचे दिसेनात. मग मावशी मशीनच्या फळीवर डोकं टेकून रडल्या, मुलासाठी रडल्या नव्हत्या इतक्या मोठ्याने.

दारात शिक्षिकाबाई आल्या. "मावशी, झाला का?"

मावशींनी तोंड पुसलं. "नाही हो, बाई. आज नाही जमलं. उद्या या."