मामाच्या गाडीचा औसत

आमचे धनी उर्दू शाळेत चार बुकं शिकलेले. गावातले लोक त्यांना रामकिशन म्हणतेत, मी काही नाव घ्यायची न्हाई. त्या चार बुकांतनं एकच गोष्ट डोक्यात राहिली, औसत. दोन आकडे दिसले की बेरीज करायची अन् निम्मं करायचं. आमटीत मीठ जास्त अन् भाजीत कमी पडलं, तर म्हणणार, "औसत बरोबर हाय, जेवा गुमान."

पोलीस ॲक्शन होऊन तीन वर्सं झाली, तवा आमच्या लेकीचं, नागूचं लगीन ठरलं. नवरीला पाटावर आणून हुभं करायचं ते मामानं. अन् आमच्यात मामा आपल्या पायानं लग्नाला येत न्हाई. लग्नादिवशी नवरीच्या बापानं सोता मानाची गाडी घेऊन जायाचं, तवा तो उंबरा वलांडतो. माझा भाऊ ग्यानबा कमठाण्याला, आमच्या निर्ण्याहून सहा कोस. मुहूर्त सांजच्या सहाचा.

मी सकाळपासनं मागं लागले, "आवो, निघा की!" तर हे बाजंवर बसून बोटं मोजायलेत.

"चंद्रभागे, घाई कामून करायलीस? जाताना गाडी रिकामी. बैल पळत जातेत, तासाला तीन कोस. येताना तुझा भाऊ, भावजय, पाच लेकरं, वर भाचीला द्यायचं दगडी जातं. तासाला एक कोस. तीन अन् एक चार, औसत दोन. जाऊन-येऊन बारा कोस, म्हंजे सहा तास. बाराला निघालो की सहाला दारात!"

मला कुठं हिशेब येतोय? हे आपले बाराला निघाले, मिशीला पीळ देत.

सहा वाजले. वाजंत्रीवाले गाल फुगवून दमले. वाटंवर कुत्रंबी दिसंना. नवरदेवाचं नाव श्रीमंत, त्याचा बाप धोंडप्पा मोठा तापट माणूस. खिशातलं घड्याळ घडी घडी काढायलाय अन् ठेवायलाय. साडेसहाला तो उठलाच.

"नवरीचा बाप पळून गेला काय? श्रीमंत, ऊठ. वऱ्हाड माघारी जायलंय."

अंगाला हळद लागलेली पोरगी मांडवात तशीच राहिली, तर तिला पुन्हा कोण करून घेतंय? मी घरात पळाले अन् नागूच्या गळ्यात पडले.

तिनं मला बाजूला केलं. "माय, दादा जाताना औसत काढून गेलते काय?"

तिच्या बापाचा हिशेब मी ऐकला तसा सांगितला. तिनं कपाळावर हात मारला अन् तशीच मांडवात निघाली. मी म्हणलं, "अगं भवाने, नवरीनं बोलू नये!" ऐकतीय कुठली!

"दादा आठाला येतेत," ती धोंडप्पाला म्हणली. "आठाच्या आधी न्हाई."

"तुला सपान पडलं काय?"

"जाताना सहा कोस, तासाला तीन. दोन तास झाले. येताना सहा कोस, तासाला एक. सहा तास झाले. दोन अन् सहा आठ. दादानं तीनाला अन् एकाला सारखंच धरलं. जाती-येती वाट सारखी, पण येळ सारखा हाय काय? पळायचे दोनच तास, रांगायचे सहा. मग औसत रांगण्याकडंच सरकणार की. आठ तासांत बारा कोस, तासाला दीड पडतोय. दोन न्हाई."

धोंडप्पा ओठांतल्या ओठांत पुटपुटला, बोटं मोजली, पुन्हा मोजली. सकाळपासनं मुका बसलेला नवरदेव तेवढ्यात बोलला, "आप्पा, बरोबर हाय की!"

"तू गप बस."

जोशीबुवांनी झटकन पंचांग उघडलं. त्यांचंबी जेवण अडकलं होतं. "साडेआठालाबी येळ चांगली हाय," ते म्हणले.

"आठापर्यंत थांबतो," धोंडप्पा म्हणला. "आठाला गाडी दिसली न्हाई, तर वऱ्हाड उठलं."

मी माणिकप्रभूला नवस बोलले, वर धन्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आठ वाजले. वाटंवर सामसूम. धोंडप्पा हुभा राहिला.

"घड्याळ पुढं असंल, आप्पा," श्रीमंत म्हणला.

"माझं घड्याळ? पुढं?" बापलेकाची जुंपली, अन् तेवढ्यात वढ्याकडनं घुंगरं वाजली. बैलांच्या तोंडाला फेस. ग्यानबा खाली उतरून चाकाला हात लावत चाललेला, मामाचा मान गेला चिखलात!

धनी गाडीतनं उडी टाकून पळत आले. लगीन मोडलं असंच वाटलं त्यांना. डोक्याचा पटका काढून धोंडप्पाच्या पायावर ठेवला. "इवाईबुवा, माझ्या लेकीचा काही दोष न्हाई," म्हणले. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी पयल्यांदा पाहिलं. माझा सगळा राग उतरला.

धोंडप्पानं पटका उचलला, झटकला अन् धन्याच्या डोक्यावर पार भुवयांपर्यंत दाबून बसवला.

"उद्या वरात निघायची हाय. कवा निघायचं ते तुमी सांगू नका, इवाई. आमच्या सुनंला इचारतो."

अक्षता पडायच्या आधीच सून म्हणला! मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले, अन् मग ओरडले, "आवो जोशीबुवा, बसलाव काय? धरा की अंतरपाट!"