तयार क्रॉसओव्हर

विटोल्डने आयुष्यात स्पीकरच्या अकरा जोड्या बांधल्या, पण बाजारचा क्रॉसओव्हर कधी वापरला नाही. खर्ज मोठ्या स्पीकरकडे आणि वरचे स्वर छोट्याकडे वाटून देणारं ते सर्किट तो स्वतः जुळवायचा. बायको, दानुता, समोर विणत बसायची. ती "कानाला टोचतंय" म्हणाली की तो रेझिस्टर बदलायचा; "आता बरं" म्हणाली की काम संपलं.

दानुता गेली. बाराव्या जोडीला त्याने गुपचूप तयार क्रॉसओव्हर मागवला. सगळं गणित कारखान्यात झालेलं, समोर कुणी बसायला नको. पण वाजवून पाहतो तर झांजा गायब! "शेवटी बाजारचा माल," असं भिंतीला सुनावून त्याने वरच्या स्वरांना आवर घालणारा पांढरा रेझिस्टर तारेच्या तुकड्याने टाळला. तेव्हा कुठे झांजा ऐकू आल्या.

नोव्हेंबरात त्याचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, आला. पोलंडमधल्या बिडगोश्च शहरात नामदिवसाचं आमंत्रण कुणी देत नाही. ज्याला आठवण असते तो येतो. विटोल्डने सहा कप मांडले. चार माणसं तासभर ऐकत बसली असती, तर दानुताशिवायही आपल्याला जमतं अशी त्याची खात्री पटली असती. पाचपर्यंत आल्या फक्त खालच्या बोझेनाबाई, चीजकेक घेऊन.

त्याने रेकॉर्ड लावली. बाईंनी कानांवर हात ठेवले.

"अहो, बंद करा ते! तीन आठवडे सोसतेय मी खाली. म्हटलं, दुःखात आहे माणूस, वाजवू दे."

"मला तर काहीच टोचत नाही."

"कसं टोचेल? दानुता म्हणायचीच, आमच्या ह्यांना दहा वर्षांत चिमणी ऐकू आलेली नाही. पण कुणी बोलायचं नाही हं त्यांच्यापाशी, म्हणे."

विटोल्डने रेकॉर्ड बंद केली. दानुताला ठाऊक होतं, आणि तिने एकदाही कळू दिलं नव्हतं. तिचा त्याला भयंकर राग आला, आणि ती त्या क्षणी समोर हवी होती.

मग त्याने पक्कड घेतली, रेझिस्टर टाळणारी तार तोडली आणि रेकॉर्ड पुन्हा लावली.

"आता कसं!" बोझेनाबाई खूश झाल्या. "झांजा किती नाजूक वाजतायत, नाही?"

विटोल्डला एकही झांज ऐकू येत नव्हती.

"हो ना," तो म्हणाला, आणि त्या उठायच्या आत त्याने रेकॉर्डची दुसरी बाजू लावली.