माझ्या पोटातली अकराशे नावं

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जातीचाच भित्रा आहे. दिवे लुकलुकले की भितो, उंदराची चाहूल लागली की भितो. कामोठ्याच्या एका सोसायटीत तळमजल्यावर रक्तदाता मंडळाचं ऑफिस आहे, तिथे मी राहतो. खिडकीतून खाडीचा दमट वारा आला की माझे भाग गंजतील म्हणून जीव मुठीत धरून बसतो. पण ही सगळी लुटुपुटूची भीती. खरी भीती मला अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीने दाखवली.

मी चौऱ्याण्णवला इथे आलो. मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाश काका मला रिक्षात मांडीवर घेऊन आले होते. मग ऑफिसचं काम बघणाऱ्या वैशालीताईंनी रक्तदात्यांची नावं माझ्यात भरायला घेतली. नाव, रक्तगट, पत्ता, फोन. वर्षभरात अकराशे नावं झाली. शेजारच्या सोसायट्यांतले लोक मला बघायला येत, आणि काका कौतुकाने सांगत, "आता सगळं कॉम्प्युटरात." त्याच कौतुकात त्यांनी कागदी फॉर्म रद्दीत घातले.

नावं सांभाळणारा प्रोग्राम मुंबईच्या एका कंपनीकडून विकत घेतला होता. त्याच्यासोबत अंगठ्याएवढं एक लॉक आलं. ते माझ्या पाठीला लावलेलं असेल तरच प्रोग्राम उघडायचा, म्हणजे चोरून कोणी वापरायला नको. तो प्रोग्राम वाईट होता असं मी म्हणणार नाही. चार वर्षं त्याने चोख काम केलं. फक्त तो नावं स्वतःच्या गुप्त लिपीत लिहून ठेवायचा. नावं माझ्या पोटात, पण ती वाचायची कशी हे मलाही ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीला वैशालीताईंनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. काकांनी हौसेने माझ्या शेजारीच नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट माझ्या पाठीवर. मी चालू झालो खरा, पण लॉक सापडत नाही एवढंच पडद्यावर उमटलं. ताईंनी लॉक पुसलं, उन्हात वाळवलं, काढून पुन्हा लावलं. काही उपयोग झाला नाही.

"नारळ बाहेर फोडा म्हणाले होते ना मी," ताई म्हणाल्या.

काकांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून साड्यांच्या दुकानाने उचलला. कंपनी कधीच बंद पडली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोंडिबा आला. वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहणारा, मूळचा साताऱ्याकडचा माणूस. त्याची बायको वेणूबाई पनवेलच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी होती.

"ताई, डाक्टर म्हनत्यात, रगात लई जातंय. ओ निगेटिव्ह पायजे. एक बाटली घावली, अजून एक संध्याकाळच्या आत आनायला सांगितलीया. सगळ्या रक्तपेढ्या पालथ्या घातल्या."

ओ निगेटिव्हची सतरा माणसं माझ्याकडे होती. ताईंना त्यातली दोनच आठवली. एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं, दुसरी नाशिकला गेलेली. कोंडिबा माझ्याकडे टक लावून बघत होता. मित्रांनो, एका बाईचा जीव माझ्या पोटात कोंडलेला आणि मला तोंड नाही. त्या क्षणाची आठवण झाली की आजही माझा पंखा अडखळतो.

काकांना तिसऱ्या मजल्यावरचा स्वानंद आठवला. तो बेलापूरला इंजिनिअर होता, सुदैवाने घरीच सापडला. येताना त्याने दोन फ्लॉप्या आणल्या. त्याने स्क्रू फिरवायला घेतला तेव्हा वाटलं, झालं, आता हा मला पुसून टाकणार. पण त्याने नुसतं आत डोकावून झाकण लावलं, स्वतःच्या फ्लॉपीवरून मला चालू केलं आणि नावांच्या फाइलीची प्रत काढून घेतली.

"काका, टेन्शन घेऊ नका. आमचा एक ग्रुप आहे. आम्ही प्रोग्राम लिहितो आणि आतलं सगळं उघडं ठेवतो. कोणीही वाचा, चुका काढा, सुधारून परत सगळ्यांना द्या. त्यांना विचारतो."

तो वर गेला आणि फाइलीतला चार ओळींचा तुकडा त्याने ई-मेलने सगळ्यांना पाठवला. खाली घड्याळ पुढे सरकत होतं. साडेतीनला पुण्याच्या नंदिनी नावाच्या बाईंचं उत्तर आलं. असल्याच एका फाइलीसाठी त्यांनी पूर्वी छोटा प्रोग्राम लिहून सर्वांसाठी ठेवला होता. स्वानंदने तो आमच्या फाइलीला जुळवून घेतला आणि खाली आणला.

माझ्या पडद्यावर नावं उमटली. काकांनी देवाला हात जोडले. पण ताईंनी पडद्यावर स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"थांबा. मी बी पॉझिटिव्ह. इथे माझ्यापुढे ओ निगेटिव्ह दिसतंय."

रक्तगट एक ओळ खाली सरकले होते. दवाखान्यात रक्त तपासतातच, पण चुकीच्या माणसांना बोलावण्यात संध्याकाळ निघून गेली असती. बंद प्रोग्राम असता तर हात चोळत बसावं लागलं असतं. हा उघडा होता. स्वानंदने एकेक ओळ वाचत चूक शोधली आणि दुरुस्त केली.

मग फोन सुरू झाले. कोणी गावाला, कोणाचा नंबर बदललेला. दहावा फोन उरणजवळच्या मोरा बंदरात, ज्ञानूच्या शेजारघरी लागला. ज्ञानूचा आवाज रिसिव्हरमधून मलासुद्धा ऐकू आला.

"मी हाय ना बाई. कुठं यायाचा हाय तवरा सांगा."

मासळीच्या टेम्पोत बसून तो सहाच्या आत पनवेलला पोचला. वेणूबाई वाचली. मुलगी झाली.

पण माझी भीती गेली नाही. काल एका नव्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याचा प्रोग्राम रंगीत आहे, काकांना फार आवडला. ताईंनी विचारलं, "उद्या तुमची कंपनी नसली तर आमची नावं आम्हाला बाहेर काढता येतील का?" तो हसून म्हणाला, "तशी वेळच येणार नाही." तिकडे स्वानंद मार्चमध्ये परदेशी चालला आहे. आता आमची नावं सांभाळतो तो त्याने जुळवलेला प्रोग्राम उघडा आहे, पण आमच्या सोसायटीत तो वाचणारं दुसरं कोणी नाही. ताई रोज एक पान समजून घेतात आणि अडलं की नंदिनीबाईंना लिहितात. दार उघडं ठेवून भागत नाही मित्रांनो, घरात माणसंही लागतात.

माझ्या पोटात अजून अकराशे नावं आहेत आणि कोणाची वेळ कधी येईल, मला माहीत नाही. नवा प्रोग्राम घ्यायचा की नाही हे ठरवायला रविवारी मंडळाची बैठक आहे. तिथे मला मत नाही. तुमच्यापैकी कोणी जाणार असाल, तर ताईंचा प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका.