लाल रेघांखालचं हसू

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तो गुळगुळीत, वासाचा, दोन आठवड्यांत हरवणारा नव्हे. मी मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा मऊ आहे. मला ओढा, चेपा, टोक काढा, मी मुकाट्याने तसा होतो. मी कागदावर घासत नाही. नुसता टेकतो, आणि पेन्सिलीची काळी भुकटी उचलून पोटात घेतो. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला मळलं, चौकोनी कापलं आणि चकचकीत कागदात गुंडाळलं. दुकानात बरेच दिवस पडून होतो, कारण गिऱ्हाइकं मला च्युइंगगम समजून हातात घ्यायची आणि किंमत ऐकून परत ठेवायची. शेवटी आमच्या ताईने मला घेतलं. तेव्हा ती नुकतीच लोकांचे चेहरे काढून द्यायची कामं घेऊ लागली होती.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत ती आणि तिची आत्या राहायच्या. खिडकीपाशी टेबल होतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. खालून दिवसभर पंपाचा फुसफुस आवाज यायचा आणि वर ताई चित्र काढायची. चित्र पुरं होत आलं की ती मला चिमटीत धरून टोकदार करायची आणि डोळ्यांच्या बुबुळावर अलगद टेकवायची. तिथे एक पांढरा ठिपका उमटायचा आणि कागदावरचा माणूस पाहू लागायचा. ऑनलाइन चित्रकारांचा एक मोठा समूह होता, ताई तिथे चित्रं टाकायची. ‘डोळे काय जिवंत आहेत’ असं कुणी लिहिलं की मला वाटायचं, हे कौतुक माझंच. त्या दिवसांत मी भलताच फुशारलो होतो.

प्रतिक्रिया वाचताना तिच्या डाव्या हातात मी असायचो. चांगलं लिहिलेलं असलं की ती मला हलकेच गोल फिरवायची. वाईट असलं की पार चपटं करायची. मला वाचता येत नाही, पण ताई पुटपुटत वाचायची, आणि बाकीचं सगळं तिचा अंगठा मला सांगायचा.

एक दिवस लाँड्रीत इस्त्री करणारी एक मुलगी आली. तिची आई नुकतीच गेली होती. तिने आईचा लग्नातला फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “ताई, हा नुसता नाकडोळ्यांसाठी. आई अशी नव्हती.”

मुलगी दोन वर्षांची असताना आईच्या चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारं गेलं होतं. डावा डोळा अर्धा मिटलेला राहिला, ओठाचा कोपरा खाली ओघळला. त्यानंतर तिने एकही फोटो काढू दिला नाही. हसू आलं की तोंडावर हात धरायची. लोक बोलायचे ना.

“पण घरात हात काढायची,” मुलगी म्हणाली. “मग अशी हसायची.” आणि तिने स्वतःचं तोंड एका बाजूला ओढून, एक डोळा अर्धा मिटून आईचं हसू करून दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं. ताई काढत गेली. चार-पाच बैठकांनी तो चेहरा कागदावर आला, आणि मी अर्ध्या मिटल्या डोळ्यात अगदी बारीक ठिपका ठेवला. मुलीने कागद जवळ ओढून घेतला. मग म्हणाली, “आली.”

अजून केस आणि पार्श्वभूमी राहिली होती. ताईने विचारलं, “तोवर हे समूहावर टाकू का? तुझी हरकत नसेल तरच.”

“टाका ना. आयुष्यभर लपली बिचारी. आता दिसू दे लोकांना.”

मित्रांनो, लोकांना ती दिसली. पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, ‘लिंबू चावलं का हिने?’ मग एकाने लिहिलं, ‘चित्र काढता येईना, तोंड वाकडं.’ त्याच्या त्या कोटीवर हसणाऱ्यांची रांग लागली. ताईने मला इतकं चपटं केलं की मला तिच्या नखांचे व्रण पडले. ‘ती अशीच होती’ एवढं लिहिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण आजाराची गोष्ट मुलीने विश्वासाने सांगितलेली. ती परस्पर चव्हाट्यावर कशी मांडायची, म्हणून ताई गप्प राहिली.

आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, “उचलली जीभ लावली टाळ्याला. आता तर जीभही उचलायला नको, अंगठा उचलला की झालं. तू कशाला मनाला लावून घेतेस?”

टवाळांचं ताईने सोसलंही असतं. पण त्या समूहात एक जाणते चित्रकार होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तिथली एक रीत होती. नवख्याचं चित्र उतरवून घ्यायचं, चुकलेल्या जागी वरून लाल रेघा मारायच्या आणि आपल्या पानावर लावायचं. मास्तरांनी आईच्या चेहऱ्यावर लाल रेघा मारल्या. एक डोळ्यांच्या पातळीची, एक ओठांच्या पातळीची, एक नाकावरून सरळ खाली. सोबत लिहिलं, ‘हात चांगला आहे तुझा. मदत म्हणून दाखवतोय, रागावू नकोस.’ मास्तर मनाने खरंच चांगले होते, आणि त्यामुळेच ताईचा धीर सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला उचललं. आत्याने विचारलं, “त्या पोरीला विचारलंस का?”

“तिला चित्रातलं काय कळतं, आत्या? एवढे सगळे म्हणतायत म्हणजे चुकलंच असणार माझं.”

“चित्रातलं नसेल कळत. आईतलं कळतं.”

ताईने ऐकलं नाही. तिने मला ओठांवर टेकवलं, मग दाबलं, मग घासलं. मी घासण्यासाठी नाही, तिला ठाऊक होतं. कागदाचे तंतू वर आले. तो ओघळलेला कोपरा, तो अर्धा डोळा, सगळं माझ्या पोटात आलं. त्या जागी ताईने सरळ ओठ काढले, दोन सारखे डोळे काढले. जुनं चित्र तिने समूहावरून काढून टाकलं, फोनमधला फोटोही पुसला. नव्या चित्राखाली शेकडो लोकांनी लिहिलं, ‘आता जमलं.’

मुलगी चित्र न्यायला आली. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि पाहत राहिली.

“छान आहे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पण ही लग्नातली आहे, ताई. ही बाई मला ओळखणार नाही.”

ताईने घाईने नवा कागद ओढला. “मी पुन्हा काढते. पुन्हा तसं हसून दाखव.”

मुलीने प्रयत्न केला. तोंड एका बाजूला ओढलं आणि मध्येच सोडून दिलं. “नाही जमत आता. सगळं वाचलं मी, ताई. रोज लाँड्रीत फोनवर, त्या समूहावर आईला बघायचे ना. तसं तोंड केलं की ते लिंबूच आठवतं.” मग ती रडली. टेबलावर पडलेला मी नकळत तिच्या मुठीत गेलो. इस्त्रीने तापलेले तिचे हात होते, त्यांत मी पुरता मऊ झालो. हवा तो आकार मी घेतला असता. फक्त ते हसू मला परत देता येत नव्हतं.

शोधता शोधता त्या हसऱ्या चेहऱ्याची एकच प्रत सापडली. मास्तरांच्या पानावरची, लाल रेघांची. ताईने ती छापून आणली आणि मान खाली घालून पुढे केली. मुलीने नाकावरच्या रेघेवर बोट ठेवलं, ओठावरच्या रेघेवर ठेवलं, आणि त्यांच्या खालून हसणाऱ्या आईकडे पाहिलं. “हीच,” ती म्हणाली. तीच प्रत पिशवीत घालून घेऊन गेली. ते नीटनेटकं चित्र अजून कपाटावर भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

ताई हल्ली चेहरे काढत नाही. मी एका डबीत पडून कडक होत चाललो आहे. मित्रांनो, कुणाचं चित्र वाकडं वाटलं तर आधी ‘असं का काढलं?’ एवढं विचारा. आणि तुमच्या चित्राला कुणी नावं ठेवली, तर माझ्यासारख्याला हात लावण्याआधी, ते चित्र ज्याचं आहे त्याला विचारा. मला पुसता येतं, पण काय पुसू नये ते मला कळत नाही. एका आईने जन्मभर हाताआड जपलेलं हसू माझ्या पोटात आहे, आणि लाल रेघांच्या त्या एका प्रतीखेरीज ते आता कुठेच दिसत नाही.